ढवळणे आणि निवळू देणे



इंदूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या काळ्या मातीत वसलेले आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. येथील मराठी कुटुंबांना त्याचे दर्शन घडावयाचे ते बहुधा मुंबईच्या नातलगांकडे गेल्यावर. १९५१ साली तेथे तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि त्या यात्रेत आणखी एका ठिकाणाची भर पडली. अशा या शहरात, स्नेहलतागंजातील एका घराच्या बैठकीत, तीनशे लिटरांच्या काचेच्या हौदात जिवंत प्रवाळ वाढत होते, असे सांगितले तर आपणांस नवल वाटेल. त्या हौदाच्या निमित्ताने मी आज एका लहानशा प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. प्रवाळाला जे क्षार नित्य पुरवावे लागतात, त्यांची द्रावणे एकजीव कशी ठेवावीत, हा तो प्रश्न. प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु त्याच्या उत्तरात चूक झाली की काय होते, ते मी स्वतःच्या हातांनी अनुभवले आहे. ती हकिगत शेवटी सांगेन.

घरात प्रवाळ बाळगण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न एका इंग्रज स्त्रीचा. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ-जीव समुद्राच्या पाण्यासह लंडनला आणले. साठवलेले पाणी लवकरच निर्जीव होऊ लागले. तेव्हा त्यांनी उपाय योजला तो आपल्याकडील चहावाल्यालाही सुचला असता : उघड्या खिडकीपाशी उभे राहून मोलकरणीने ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात पुनःपुन्हा ओतावयाचे. पुढे त्यांनी पाण्यात समुद्रवनस्पती ठेवल्या आणि ते जीव सुमारे तीन वर्षे सांभाळले. त्या मोलकरणीचे नाव इतिहासात फारसे कोणी घेत नाही. पण घरगुती समुद्राची पहिली ढवळणी म्हणजे तिचे हात होत.

१८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कातील प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. लगेच पुढल्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांनी औषधविक्रेत्याकडील क्षार गोड्या पाण्यात मिसळून कृत्रिम समुद्रजल सिद्ध केले. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : पाणी कोणत्याही महासागराचे असो, त्यातील मुख्य क्षारांचे परस्पर प्रमाण जवळजवळ एकच असते. समुद्र हा जगातला सर्वांत उत्तम ढवळलेला हौद आहे, असाच याचा अर्थ. वारा, भरती-ओहोटी आणि प्रवाह हे काम अहर्निश करीत असतात. काचेच्या हौदात ते काम माणसाच्या अंगावर पडते.

या कथेत इंदूरचाही एक धागा आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असेल. १९१७ साली होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इंदुरात आले. प्लेगाने त्रस्त झालेल्या या शहरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक स्वच्छतेच्या उत्सवात बदलून टाकली, तेव्हा त्यांना एक दिवसाचे महाराज केले होते. १९१८ साली त्यांचा नगरविकासाचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. परंतु गेडिस मुळात जीवशास्त्रज्ञ. १८७८ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरील रॉस्कॉफच्या प्रयोगशाळेत त्यांनी सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडणाऱ्या एका हिरव्या कृमीचा अभ्यास केला होता, आणि १८८२ साली समुद्रफुलांच्या शरीरातील ‘पिवळ्या पेशीं’विषयी लिहिताना त्या पेशी म्हणजे प्राण्याला अन्न व प्राणवायू पुरविणाऱ्या वनस्पती होत, असे प्रतिपादन केले होते. उष्ण समुद्रांतील प्रवाळ जगतो तो अशाच सोबत्यांच्या बळावर. इंदूरच्या गल्लीबोळांतून हिंडणाऱ्या त्या गृहस्थाला प्रवाळाचे हे मर्म पस्तीस वर्षे आधीच उमगले होते.

१९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत दगड, ऊन आणि हवेचे बुडबुडे एवढ्यांवर प्रवाळ वाढविण्याची आपली रीत जगापुढे मांडली. तरीही एक अडचण उरली. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन रचतो. समुद्राच्या एका लिटरात कॅल्शियम असते सुमारे चारशे मिलिग्रॅम. लहान हौदातील हा साठा झपाट्याने आटतो. जर्मन भाषेत लिहिणाऱ्या पीटर विल्केन्स यांनी १९७० नंतरच्या दशकात त्यावर जो उपाय रूढ केला, तो आपल्या आजीबाईच्या बटव्यातला आहे : चुन्याची निवळी!

निवळी हा शब्दच आपणांस कृती सांगतो. चुना पाण्यात कालवावा, भांडे झाकून ठेवावे, गाळ तळाशी बसू द्यावा आणि वरचे नितळ पाणी तेवढे घ्यावे. २० अंश उष्णतेच्या एका लिटर पाण्यात चुना विरघळतो जेमतेम पावणेदोन ग्रॅम. बाकीचा तळाशी साठा म्हणून राहतो. हे भांडे उघडे ठेवून सतत ढवळीत राहिल्यास हवेतील कर्बवायू निवळीत शिरतो आणि चुन्याचा पुन्हा खडू बनतो. एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ साली या वायूचे आणि चुन्याचे नाते उलगडले होते.

दुसऱ्या पद्धतीत कॅल्शियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा यांची दोन वेगळी द्रावणे करतात. ती तीव्र असताना एका बाटलीत ओतली तर तत्काळ खडूचा साका बसतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, त्यातलाच प्रकार. येथे माळव्याचा हिवाळा आणखी एक खोडी काढतो. सोडा थंडीत कमी विरघळतो, तर चुना उष्णतेत कमी विरघळतो. मे महिन्यात काठोकाठ तीव्र केलेले सोड्याचे द्रावण जानेवारीच्या पहाटे तळाशी स्फटिक धरते. वरचे पाणी दुबळे होते आणि मात्रा चुकते. ते द्रावण थोडे सौम्य करावे, कोमट जागी ठेवावे आणि ढवळावे. त्यासाठी प्रयोगशाळेतील चुंबकीय ढवळणी कामी येते. भांड्याखाली चुंबक फिरतो आणि आतली वेष्टित कांडी त्याच्यामागे गरगरते. अमेरिकेत आर्थर रोझिंजर यांना तिच्यासाठी १९४४ साली पेटंट मिळाले.

आता माझी हकिगत. स्नेहलतागंजातील ते स्नेही, एक निवृत्त शिक्षक, चार दिवस परगावी गेले आणि हौद माझ्या स्वाधीन केला. बाष्पीभवनाने कमी होणारे पाणी भरून काढण्यासाठी एक लहान पंप रात्री निवळी ठिबकवीत असे. तिसऱ्या दिवशी निवळीच्या डब्याच्या तळाशी पांढरा गाळ पाहून मला वाटले, औषध खाली बसले आहे. लहानपणी औषधाची बाटली ‘हलवून घ्यावी’ असे शिकविलेले. मी डब्यात ढवळणारी मोटर सोडली आणि समाधानाने घरी गेलो. सकाळी हौदातील पाणी ताकासारखे झाले होते. गाळासह चुना आत गेल्याने पाण्याची दाहकता एकाएकी वाढली होती आणि खडूचे हिम प्रवाळांवर बसले होते. निम्म्याहून अधिक शाखा मेल्या. त्यांची जोपासना करण्यात स्नेह्यांची सात वर्षे गेली होती. परत आल्यावर ते मला काहीच बोलले नाहीत, एवढेच म्हणाले, “सोड्याची बाटली ढवळायची असते, चुन्याची निवळू द्यायची असते. हे मी तुम्हांला सांगायला हवे होते.”

त्या प्रवाळांचे अंकुर परदेशी हौदांतच वाढविलेले आणि रीतसर आणलेले होते. आपल्या समुद्रातून एक शाखाही तोडता येत नाही. २००१ सालापासून सांगाडा रचणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते योग्यच झाले. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपच्या प्रवाळांनी गेडिस यांनी ओळखलेल्या त्याच सोबत्यांना शरीराबाहेर टाकले आणि ते पांढरे पडले. तेथे मोटर कोणी लावली, हे वेगळे सांगावयास नको. तीनशे लिटरांचा हौद पुन्हा भरता येतो. स्नेह्यांनी उरलेल्या शाखांवरून तो पुन्हा भरलाही. समुद्राच्या बाबतीत तशी सोय नाही. कोठे हात घालावा आणि कोठे आवरावा, याचे ज्ञान तेथे अगोदरच असावे लागते.