साथीचा रोग आणि दैनंदिन प्रवास : मुंबईचा प्लेग (१८९६) ते कोविड (२०२०) – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

साथीच्या रोगांचा इतिहास प्रामुख्याने मृत्यूंची संख्या, शासकीय उपाययोजना आणि वैद्यकीय संशोधन या अंगांनी लिहिला गेला आहे. साथीच्या काळात आणि साथीनंतर सामान्य माणसाचे रोजचे येणे-जाणे कसे बदलले, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. वस्तुतः प्रवास हा रोगप्रसाराचा मार्ग असतो, रोगापासून पळण्याचे साधन असतो आणि पोट भरण्याची अटही असतो. या तीन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येतात, तेव्हा त्याच्यापुढे उभा राहणारा पेच हा सामाजिक इतिहासाचा महत्त्वाचा विषय ठरतो.

प्रस्तुत लेखात मुंबई शहरातील तीन साथींचा, म्हणजे १८९६ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा आणि २०२० चा कोविड यांचा, या दृष्टीने विचार केला आहे. भीतीमुळे झालेले बदल लवकर ओसरतात. निर्बंधांचे ओझे समाजातील सर्व थरांवर सारखे पडत नाही. घरे, रस्ते व वाहतूक यांच्या रचनेत जो बदल होतो तोच पुढील पिढ्यांच्या सवयी घडवतो, असे या तुलनेतून दिसून येते.

प्लेगपूर्व मुंबईतील येणे-जाणे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली आणि १८७४ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांची ट्राम धावू लागली. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुसंख्य मुंबईकरांच्या रोजच्या जीवनात वाहनाला फारसे स्थान नव्हते. गिरणी कामगार गिरणीच्या भोंग्याच्या हाकेवर राहत असे. गोदीतील हमाल गोदीजवळ राही, व्यापाऱ्याची पेढी खाली आणि बिऱ्हाड वर असे. काम आणि घर यांतील अंतर पायी चालून जाण्याइतकेच होते. चाळीतील एका खोलीत दाटीने राहणे ही या जवळिकीची किंमत होती.

कामगाराचा खरा प्रवास वर्षातून एकदा घडे. रत्नागिरी जिल्ह्यातील चाकरमानी आगबोटीने कोकणात जाई, तर घाटावरचा कामगार रेल्वेने गावाकडे परते. शेतीची कामे, लग्नसराई, शिमगा, गणपती यांच्याशी हा प्रवास बांधलेला होता. रोजचे चालणे आणि वर्षाचा गावप्रवास ही त्या काळातील मुंबईकराची प्रवासरीत होती. प्लेगने पहिला आघात केला तो या वार्षिक चक्रावर.

प्लेग आणि शहरातून पलायन

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात, गोदी व धान्याच्या वखारींच्या परिसरात, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील चार-पाच महिन्यांत मुंबईतून अभूतपूर्व पलायन झाले. १८९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातील जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेल्याचे अंदाज समकालीन अहवालांत आढळतात. गिरण्यांना कामगार मिळेनात. मालक रस्त्याच्या नाक्यांवर रोजंदारीची बोली लावून माणसे मिळवू लागले. गावी जाण्याचा हंगाम नसताना गाड्या आणि आगबोटी भरून जाऊ लागल्या.

या पलायनाची दुसरी बाजू अशी की, ज्या रेल्वेने माणसे सुटका करून घेत होती, तिच्याच मार्गाने रोग पुढे सरकत होता. सरकारचे लक्ष त्यामुळे प्रवाशांवर केंद्रित झाले. फेब्रुवारी १८९७ मध्ये संमत झालेल्या साथरोग कायद्याने रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. स्थानकांवर प्रवाशांना उतरवून त्यांची तपासणी होऊ लागली. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंचा प्रवास थांबवण्यात आला. यात्रा-जत्रांवर ठिकठिकाणी निर्बंध आले.

तपासणीतील भेदभाव हा त्या काळातील असंतोषाचा एक प्रमुख विषय होता. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना फलाटावर रांगेत उभे केले जाई. वरच्या वर्गातील प्रवाशांना मिळणारी वागणूक वेगळी असे. परक्या पुरुषाने स्त्रियांच्या अंगाला हात लावणे तत्कालीन समाजाला असह्य होते, म्हणून स्त्रियांच्या तपासणीसाठी स्त्री-डॉक्टरांची मागणी वारंवार पुढे आली. तपासणी चुकवण्यासाठी आडवाटेने पायी जाण्याचे प्रकारही घडले. मद्रास इलाख्यात बाधित भागातून येणाऱ्यांना ‘प्लेग पासपोर्ट’ देऊन ठरावीक दिवस अधिकाऱ्यांपुढे हजेरी लावण्यास भाग पाडले जाई. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत १८९७ च्या जानेवारीत लस तयार केल्यावर, टोचून घेतल्याचे प्रमाणपत्र बाळगणाऱ्यास विलगीकरणाच्या काही नियमांतून सूट देण्याची पद्धतही काही ठिकाणी सुरू झाली. प्रवासाला तिकिटाखेरीज आणखी एका कागदाची गरज लागू शकते, हा अनुभव भारतीय प्रवाशाला या काळात मोठ्या प्रमाणावर आला.

भीतीची मर्यादा

पहिल्या वर्षाइतके पलायन पुढील वर्षांत झाले नाही. याचे कारण रोग संपला असे नव्हते. १८९८ व १८९९ मध्येही मुंबईत प्लेगने हजारो माणसे दगावली. मृत्यू कमी झाले नाहीत, पलायन मात्र कमी झाले. प्रवासाची सवय केवळ भीतीवर अवलंबून असती, तर असे घडले नसते.

याची कारणे व्यावहारिक होती. वारंवार गावी जाण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी कामगाराला परवडणारी नव्हती. प्लेग गावांतही पोहोचल्यामुळे सुरक्षित ठिकाण उरले नाही. दख्खनमध्ये तर गावकरी घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहू लागले. शिवाय १८९६-९७ च्या दुष्काळाने ग्रामीण भागाचे कंबरडे मोडले होते. मुंबईत मृत्यूची शक्यता होती. गावी उपासमारीची खात्री होती. १९०१ मध्ये शहराची लोकसंख्या ७,७६,००६ इतकी खाली आली खरी, पण १९११ मध्ये ती ९,७९,४४५ वर गेली. साथ पूर्ण शमण्यापूर्वीच माणसे मोठ्या संख्येने परतली होती.

नगररचना आणि नवी प्रवासरीत

प्लेगचा टिकाऊ परिणाम वेगळ्या मार्गाने झाला. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि कोंदट हवा हे रोगाचे मूळ आहे, अशी तत्कालीन प्रशासनाची धारणा होती. उंदीर व पिसू यांची भूमिका अद्याप सर्वमान्य झालेली नव्हती. या धारणेतून १८९८ मध्ये मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने गजबजलेल्या वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले आणि शहराच्या उत्तरेकडे दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आखीव वसाहतींची योजना केली.

या योजनेचा लाभ कोणाला झाला, हे पाहणे आवश्यक आहे. ट्रस्टने जितक्या गरिबांची घरे पाडली, तितक्यांना घरे दिली नाहीत. विस्थापित कामगार कामापासून दूर जाऊ शकत नव्हता, कारण रोजच्या भाड्याचे पैसे त्याच्याजवळ नव्हते. तो शेजारच्या चाळीतच अधिक दाटीने राहू लागला. दादर-माटुंग्यात प्रामुख्याने कारकून, शिक्षक, वकील असा पगारदार मध्यमवर्ग गेला. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंग्यातील दाक्षिणात्य वस्ती ही त्याची उदाहरणे होत. या वर्गाचे घर उत्तरेस आणि कचेरी दक्षिणेस, कोटात, अशी विभागणी झाली.

वाहतुकीच्या साधनांनी या विभागणीला बळ दिले. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेवरील गाडी धावली. १९२६ मध्ये बससेवा सुरू झाली आणि १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या आल्या. महिन्याचा पास, ठरलेली गाडी, ठरलेला डबा ही पुढे मुंबईकराची ओळख ठरलेली दिनचर्या या बदलातून रुळली. केवळ प्लेगमुळे उपनगरे वाढली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. लोकसंख्यावाढ, उद्योग आणि जमिनीच्या किमती हीही कारणे होती. तथापि, घर व काम यांची फारकत हे आरोग्याचे धोरण म्हणून प्रथम प्लेगनेच प्रस्थापित केले.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा : एक तुलना

वरील निष्कर्षाची पडताळणी १९१८ च्या साथीवरून करता येते. महाराष्ट्रात ‘मानमोडी’ या नावाने ओळखली गेलेली ही साथ जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदी परिसरात दिसली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिने उग्र रूप धारण केले. भारतातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटी ते दोन कोटींच्या घरात जातात. म्हणजे प्लेगने सुमारे दोन दशकांत जेवढे बळी घेतले, तेवढे वा त्याहून अधिक मानमोडीने काही महिन्यांत घेतले. असे असूनही मुंबईच्या प्रवासरीतीवर या साथीचा ठसा उमटला नाही. महायुद्ध चालू होते, रेल्वे सैन्य व धान्य यांच्या वाहतुकीत गुंतली होती आणि प्लेगच्या काळातील असंतोषाचा अनुभव सरकार विसरले नव्हते. परिणामी प्रवासी तपासणीची मोठी यंत्रणा उभी राहिली नाही, नवी वसाहतयोजना आखली गेली नाही. साथ ओसरताच गाड्या पूर्ववत धावू लागल्या. मृत्यूंची संख्या कितीही मोठी असली तरी तेवढ्याने सवयी बदलत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.

कोविड : थांबलेली लोकल

कोविडपूर्व काळात मुंबईच्या उपनगरी रेल्वेने रोज सुमारे ७५ लाख प्रवासी ये-जा करीत. २३ मार्च २०२० पासून ही सेवा सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली. त्यापूर्वी १३ मार्चला महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच साथरोग कायदा लागू केला होता. त्याच वर्षी संसदेने त्या कायद्यात दुरुस्ती करून जहाजांच्या जोडीला बस, रेल्वे, मालवाहू वाहने आणि विमाने यांच्या तपासणीचा उल्लेख घातला. सव्वाशे वर्षांत वाहने बदलली, संशयाची जागा मात्र प्रवासीच राहिला.

१८९६ प्रमाणेच २०२० मध्येही पोटासाठी शहरात आलेला माणूस गावाकडे निघाला. फरक इतकाच की या वेळी गाड्याच बंद होत्या. श्रमिक विशेष गाड्या १ मेपासून सुरू झाल्या, तोपर्यंत हजारो कुटुंबे महामार्गांवर चालत होती. ८ मे २०२० रोजी जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपेत मालगाडीखाली सापडून मरण पावले. जो रूळ कधीकाळी त्यांना शहरात घेऊन आला, त्यावरून गाडी जाणार नाही असे समजून ते विसावले होते. आषाढी वारीही त्या वर्षी पायी निघाली नाही. ज्ञानेश्वर व तुकोबांच्या पादुका बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. २०२२ मध्ये मात्र पायी वारी पूर्वीच्याच उत्साहाने निघाली.

लोकल उघडण्याचा क्रमही अभ्यासनीय आहे. १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांना आणि २१ ऑक्टोबरपासून स्त्रियांना गर्दीबाहेरच्या वेळी मुभा मिळाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना प्रवेश मिळाला, परंतु सकाळी सातपूर्वी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. सकाळी नऊला कामावर हजर व्हायचे आणि संध्याकाळी सहाला सुटायचे, अशा माणसाला या वेळा निरुपयोगी होत्या. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंदी आली आणि १५ ऑगस्टपासून दोन मात्रा घेतलेल्यांना पास मिळू लागला. हाफकिनच्या लशीच्या प्रमाणपत्राचे हे नवे रूप होते.

या काळात ज्यांचे काम संगणकावर होणारे होते, त्यांनी घरून काम केले. ज्यांचे काम हातांचे होते, त्यांनी बसच्या रांगेत तास घालवले, मिळेल ते वाहन घेतले किंवा रोजगार गमावला. निर्बंध उठताच लोकलची गर्दी परतली. घरून काम करण्याची मुभा काही कचेऱ्यांत अंशतः टिकली, पण तिचा लाभ पुन्हा पगारदार वर्गालाच झाला. प्लेगने या वर्गाचे घर कामापासून दूर नेले होते. कोविडने त्याच वर्गाचे काम घरात आणले.

निष्कर्ष

तिन्ही साथींच्या तुलनेतून पुढील बाबी निदर्शनास येतात. भीतीपोटी टाळलेला प्रवास, भीती शिल्लक असतानाच, उपजीविकेच्या रेट्याने पुन्हा सुरू होतो. प्रवासावरील निर्बंध कागदावर सर्वांसाठी समान असले, तरी त्यांचा भार पर्याय नसलेल्यांवर पडतो. १८९७ चा तिसऱ्या वर्गाचा प्रवासी आणि २०२० चा रोजंदारी कामगार हे या बाबतीत एकाच रांगेत उभे आहेत. कायमस्वरूपी बदल घडतो तो साथीनंतरच्या बांधणीतून, आणि त्या बांधणीत कोणाला स्थान मिळते यावर तो बदल कोणाच्या हिताचा, हे ठरते.

म्हणूनच पुढील साथीची तयारी करताना रुग्णालये व लशी यांबरोबर वाहतुकीचाही विचार व्हावा लागेल. गाडी बंद करण्याचा निर्णय एका रात्रीत घेता येतो. त्या गाडीवर ज्यांची चूल अवलंबून आहे, त्यांची पर्यायी सोय मात्र एका रात्रीत होत नाही. ती साथ येण्यापूर्वी करून ठेवणे, हाच मुंबईच्या या इतिहासाचा धडा आहे.