कासवांनी लावलेलं रान

जुन्या वाड्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ कोणी लावलेला नसतो. कावळ्याने कुठेतरी फळ खाल्लेलं असतं. बी त्याच्या विष्ठेतून फटीत पडतं आणि रुजतं. रानंही बरीचशी अशीच लागलेली असतात. मग फळ खाणारा प्राणीच नाहीसा झाला तर?

या प्रश्नाचा इतिहास मॉरिशसमध्ये वाचायला मिळतो. 1598 मध्ये डच तिथे उतरले आणि सुमारे शंभर वर्षांत, उडता न येणारा डोडो संपला. पुढे तिथली महाकाय कासवंही गेली. 1834 पासून ऊसमळ्यांवर भारतीय मजूर जाऊ लागले. त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. त्यांच्या नशिबी डोडोची गोष्टच आली, डोडो नाही.

1977 मध्ये स्टॅन्ली टेंपल या अमेरिकी शास्त्रज्ञाने लिहिलं, की तांबालाकोक या वृक्षाची जेमतेम 13 म्हातारी झाडं उरली आहेत. कारण त्याचं जाड कवचाचं बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही. त्याने टर्की पक्ष्यांना 17 बिया चारल्या. 10 शाबूत बाहेर पडल्या, त्यांतल्या 3 रुजल्या. गोष्ट जगभर गाजली.

पण न चारलेल्या बियांशी त्याने तुलना केलेली नव्हती. पुढे तरुण झाडंही आढळली, आणि पोटात न जाताही बी रुजतं हे दिसून आलं. माणसाने आणलेल्या डुकरांचा नि माकडांचा उपद्रवही होताच.

म्हणजे मूळ प्रश्नच खोटा होता का? तसं नाही. मॉरिशसच्या किनाऱ्यालगत इल-ओ-झेग्रेत नावाचं 26 हेक्टरांचं बेट आहे. तिथला एबनी वृक्ष, म्हणजे आपल्या टेंभुर्णीचा भाऊबंद, तोडीमुळे विरळ झाला होता. तोड थांबली, तरी बिया दूर नेणारं कोणी नव्हतं. 2000 मध्ये तिथे अल्दाब्रा बेटांवरची महाकाय कासवं सोडली. त्यांनी पडलेली फळं खाल्ली आणि बिया बेटभर टाकल्या. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की कासवाच्या पोटातून गेलेलं बी अधिक चांगलं रुजतं, आणि झाडं उरली नव्हती तिथेही रोपं दाटीने उगवली आहेत.

गेलेल्याची जागा कधीकधी दुसरा घेऊ शकतो. मात्र तो दुसरा कुठेतरी शिल्लक असावा लागतो. अल्दाब्रावर कासवं उरली होती, म्हणून हे जमलं.