एकशे वीस ग्रॅमचे पाकीट

खरिपाच्या तोंडावर बीटी कपाशीचे बियाणे घेणाऱ्या बिलोलीच्या शेतकऱ्याला अनेक वर्षे दोन पाकिटे मिळत. मोठ्यात ४५० ग्रॅम बीटी बियाणे, छोट्यात १२० ग्रॅम बिगर-बीटी. मोठे पाकीट पेरले जाई. छोटे बहुधा घराच्या कोनाड्यात नाहीतर बांधावर पडून राही. महाराष्ट्रभर हीच रीत होती.

याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

निजामाच्या राजवटीत नांदेडचा मुलूख गावरानी कापसासाठी ओळखला जाई. हा देशी, सरळ वाण. सरकी राखावी, पुढच्या मृगात पेरावी, असा शिरस्ता. १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून सी. टी. पटेल यांचा एच-४ आला. व्यापारी लागवडीसाठीचा हा जगातील पहिला संकरित कापूस. १९८४ मध्ये नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने एनएचएच-४४ दिला. शेतकऱ्यांच्या तोंडी तो 'नांदेड-४४' झाला.

संकरित वाणाची सरकी पेरली तर दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. कुठे उंच झाड, कुठे खुरटे, आणि उत्पन्न घसरते. मेंडेलचे नाव न ऐकलेल्या शेतकऱ्यालाही हे एका हंगामात उमगले, कारण पुरावा त्याच्याच शेतात उभा होता. बियाणे दरवर्षी विकत घ्यायचे, हा आनुवंशशास्त्राचा धडा मराठवाड्याने पक्का केला. विक्रेत्यांनाही तो सोयीचाच होता.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला मान्यता मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक घातलेल्या या कपाशीचे पान वा बोंड खाल्ले की बोंडअळी मरते. दुसरा धडा इथे सुरू होतो, आणि तो कठीण होता.

लाखो अळ्यांत एखादी या विषाला न बधणारी निघते. तिची प्रतिकारशक्ती बव्हंशी अप्रभावी जनुकातून येते. आई आणि बाप दोघांकडून ते जनुक मिळाले तरच अळी वाचते. म्हणून शेताच्या कडेने बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावायच्या. तिथे साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग होतील, आणि बीटीतून वाचलेल्या मोजक्या पतंगांशी त्यांचा संयोग होईल. संततीला ते जनुक एकाच बाजूने मिळेल, आणि ती बीटी खाऊन मरेल.

थोडक्यात, कीड आटोक्यात राहावी म्हणून थोडी कीड पोसायची. या ओळींना 'आश्रय पीक' म्हणत. आश्रय कोणाला? किडीला! वर्षभराची उधारी डोक्यावर असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याने हे का ऐकावे? 'पेरा' एवढे सांगितले गेले. 'का' हे शेतापर्यंत क्वचितच पोहोचले. शिवाय त्याचा पुरावा एका हंगामात दिसणारा नव्हता. तोटा त्याच वर्षी, लाभ दहा वर्षांनी, तोही साऱ्या शिवाराचा. छोट्या पाकिटातले बी निकृष्ट असल्याच्या तक्रारीही होत्या. तेव्हा केवळ शेतकऱ्याच्या अडाणीपणाकडे बोट दाखवणे अन्यायाचे ठरेल.

२००६ मध्ये दोन जनुकांची कपाशी आली. २०१० मध्ये गुजरातेतील गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पुढे दुसरेही निष्प्रभ ठरले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात वरून धडधाकट दिसणारी बोंडे फोडल्यावर आत गुलाबी अळी आणि किडकी सरकी निघू लागली.

नेमके त्याच सुमारास चीनमधून उलटी बातमी आली. यांगत्से खोऱ्यातील शेतकरी बीटी आणि बिगर-बीटी यांच्या संकराचे दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरत होते, कारण ते स्वस्त पडे. मेंडेलच्या हिशेबाने त्यातली चौथाई झाडे बिगर-बीटी निघत. शेतातच आपोआप आश्रय तयार झाला आणि गुलाबी बोंडअळीची वाढू लागलेली प्रतिकारशक्ती ओसरली. नांदेडच्या शेतकऱ्याला जी दुसरी पिढी टाळायला शिकवले गेले, तिनेच तिथे पीक राखले.

भारतात पुढे बिगर-बीटी बी मोठ्या पाकिटातच मिसळून देण्याचा मार्ग काढण्यात आला. मूठभर सरकीतला कोणता दाणा कशासाठी आहे, हे आता पेरणाऱ्याला डोळ्यांनी ओळखता येत नाही.