आईबाप होण्याचं लायसन्स: कॅरी बकची गोष्ट

एक कमेंट तुम्हीही वाचली असेल: गाडी चालवायला लायसन्स लागतं, मग आईबाप व्हायला का नको? पोराला बेदम मारणाऱ्या बापाचा व्हिडिओ बघितला की क्षणभर आपल्यालाही ते पटतं. पण ही कल्पना नवीन नाही. अमेरिकेत ती वापरून झालीये, तीही सुप्रीम कोर्टाच्या शिक्क्यानिशी.

1924 साली व्हर्जिनिया राज्याने कायदा केला. सरकारी संस्थेत ठेवलेल्या 'मंदबुद्धी' माणसांची सक्तीने नसबंदी करता येईल, असा. तो कोर्टात टिकतो का हे बघायला एक केस हवी होती. निवड झाली कॅरी बकची. वय 18. तिची आई एमा आधीपासूनच लिंचबर्गच्या त्या संस्थेत होती. कॅरी परक्या घरात वाढली, सहावीनंतर शाळा सुटली आणि घरकाम मागे लागलं. त्या घरातल्या बाईच्या भाच्याने बलात्कार केला, असं कॅरीने पुढे सांगितलं. दिवस गेले, आणि घरच्यांनी संस्थेत पाठवलं ते तिलाच!

आता कोर्टात सिद्ध काय करायचं? की हा दोष रक्तातच आहे. आई झाली, मुलगी झाली, तिसरी पिढी म्हणजे कॅरीची तान्ही व्हिव्हियन. जेमतेम सात महिन्यांची. एका समाजसेविकेने तिला पाहिलं आणि साक्ष दिली की बाळ काही अगदी नॉर्मल वाटत नाही. झाली परीक्षा. बाळ नापास, आईही नापास.

कॅरीचा वकील आयर्विंग व्हाइटहेड. हा पूर्वी त्याच संस्थेच्या संचालक मंडळावर होता. त्याने कॅरीच्या बाजूने एकही साक्षीदार उभा केला नाही. 2 मे 1927 ला निकाल आला, 8 विरुद्ध 1. न्यायमूर्ती होम्स यांचा युक्तिवाद असा, की लस सक्तीची करता येते, तर हेही करता येतं. मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या, असंही त्यांनी लिहून ठेवलं. ऑक्टोबरमध्ये कॅरीवर शस्त्रक्रिया झाली.

आणि व्हिव्हियन? ती शाळेत गेली. 1931 मध्ये तिचं नाव चांगल्या विद्यार्थ्यांच्या यादीत लागलं. पुढच्याच वर्षी, आठ वर्षांची असताना, आजारपणात गेली.

अशा कायद्यांखाली अमेरिकेत 60,000 हून जास्त लोकांची नसबंदी झाली. ओक्लाहोमाचा कायदा तर भन्नाट होता: वारंवार चोरी करणाऱ्याची नसबंदी, पण पैशांची अफरातफर करणाऱ्याला सूट. म्हणजे कोंबडीचोर बाप व्हायला नालायक, पण तिजोरी साफ करणारा कारकून चालेल! हा भेदभाव 1942 मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला. व्हर्जिनियाचा कायदा मात्र 1974 पर्यंत पुस्तकात राहिला, आणि कॅरीचा निकाल सुप्रीम कोर्टाने आजवर स्पष्ट शब्दांत उलटवलेला नाही.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती कॅरीची बहीण डोरिस. तिचीही नसबंदी झाली होती, पण तिला सांगितलं होतं अपेंडिक्सचं ऑपरेशन. लग्न झालं, मूल व्हावं म्हणून नवराबायको वर्षानुवर्षं वाट बघत राहिले. खरं काय ते तिला कळलं म्हातारपणी, पन्नासेक वर्षांनी.