म्हामाय कामतांचं घर

पणजीत जुन्या सचिवालयाकडे गेलेल्या प्रत्येकानं आबे फारियाचा पुतळा पाहिलेला असतो. तिथेच जवळ असलेलं म्हामाय कामतांचं जुनं घर मात्र बहुतेकांना अनंत चतुर्दशीलाच आठवतं. अनंताच्या दर्शनाला गोवाभरातून माणसं येतात, हात जोडतात, तीर्थ-प्रसाद घेऊन परततात. आपण कुठल्या घरात आलो होतो याची चौकशी फारसं कोणी करत नाही.

घर व्यापाऱ्यांचं. १७५९ मध्ये व्हाइसरॉय जुन्या गोव्याहून आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला आणि पणजीला महत्त्व चढलं. समोर मांडवी, शेजारी सत्ता. व्यापाऱ्याला याहून सोयीची जागा कुठली? कामत फ्रेंचांचे दलाल होते. १७७८ मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली, १७७९ मध्ये माहे. फ्रेंच जहाजांना तटस्थ बंदर हवं होतं, ते गोव्यात मिळालं. जहाजांना माल पुरवायचा, पैसा उभा करायचा, इकडची खबर तिकडे पोचवायची, ही दलालाची कामं. त्यामुळे घरात पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रजी, मराठी, गुजराती अशा नाना भाषांतल्या कागदांचे ढीग साठले.

या कागदांत कापड आहे, तंबाखू आहे, दमणमार्गे मकावला जाणारी माळव्याची अफू आहे. आणि माणसंही आहेत. तिओतोनियो डिसोझा यांनी याच दप्तराच्या आधारे १७७३ ते १७९१ या काळातल्या, गोव्यातून चाललेल्या फ्रेंचांच्या गुलामव्यापारावर लिहिलं. आफ्रिकेतून आणलेली माणसं कापडाच्या गाठींसारखी हिशेबात बसवलेली! आपल्याकडे गुलामगिरीचा विषय निघाला की सगळं पाप पोर्तुगिजांच्या माथी मारून आपण मोकळे होतो. हे दप्तर तसं मोकळं होऊ देत नाही.

याच घराण्याचा हात पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळाला परवानगी मिळवण्यात होता. साल १८१८. त्या काळी पोर्तुगिजांकडून देवळाची परवानगी काढणं म्हणजे काय, हे गोंयकाराला वेगळं सांगायला नको. तेवढं वजन व्यापारातूनच आलं होतं. पोर्तुगालनं गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली ती त्यानंतर अठरा वर्षांनी, १८३६ मध्ये.

अडचणीचे कागद वाळवीच्या हवाली करणं गोव्याच्या पावसात मुळीच कठीण नव्हतं. या घरानं ते सांभाळले. पुढे ते पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे गेले, म्हणून तर हे सगळं कळलं.