पोलक्यात लपवलेलं पत्र

आपला सातारा जिल्हा फौजींचा. बचत गटाच्या बैठकीला बसलो की दहाजणींतल्या दोघी-तिघींच्या घरचं कुणी ना कुणी सैन्यात असतं, नाहीतर पेन्शनवर आलेलं असतं. अपशिंगे मिलिटरी या गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले, त्यांच्या आठवणीची शिळा गावात आहे. जे जिवंत परत आले पण रात्री दचकून उठायचे, त्यांची शिळा कुणी बसवत नाही.

हे आज काढायचं कारण असं. मागच्या महिन्यात एक ताई हप्ता भरायला आल्या आणि सगळ्या उठल्या तरी बसूनच राहिल्या. म्हणाल्या, "मालक सुट्टीवर आलेत, पण रातभर झोपत नाहीत. डॉक्टरकडं चला म्हटलं की म्हणतात, एकदा कागदावर चढलं की बढती गेली." आम्हाला त्यावर चटकन काही सांगता आलं नाही. नंतर वाचलं, विचारलं, तेव्हा कळलं की ही भीती शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे.

पहिलं महायुद्ध १९१४ ला सुरू झालं. खंदकात बसायचं आणि वरून तोफगोळे पडत राहायचे, दिवस-दिवस. अंगावर ओरखडा नाही, पण हात थरथरतात, वाचा जाते, दिसेनासं होतं, असे जवान इस्पितळात येऊ लागले. १९१५ साली चार्ल्स मायर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिला, तेव्हापासून 'शेल शॉक' हा शब्द रूढ झाला. मग सैन्यानं कागदावर दोन खाती पाडली. शत्रूच्या गोळ्यामुळं झालं असेल तर 'डब्ल्यू', म्हणजे जखमी. त्याला बाहीवर जखमेची पट्टी लावता यायची. तसं सिद्ध झालं नाही तर 'एस', म्हणजे नुसता आजारी. त्याला पट्टी नाही. थरथर तीच, पण एकाला मान आणि दुसऱ्याकडं संशयानं बघायचं. अधिकाऱ्यांसाठी स्कॉटलंडमध्ये क्रेगलॉकहार्टसारखं वेगळं इस्पितळ होतं. साध्या शिपायाच्या वाट्याला ते आलं नाही.

असाच एक साधा शिपाई हॅरी फार. १९१५ साली तो कोसळला आणि पाच महिने इस्पितळात होता. त्याच्या बायकोला, गर्ट्रूडला, त्याचं पत्र आलं ते परक्या हस्ताक्षरात. नवरा चांगलं लिहिणारा, पण हात इतका थरथरायचा की लेखणी धरवेना. बरा झाला म्हणून त्याला परत आघाडीवर धाडलं. सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या लढाईत त्यानं सांगितलं, मला आता पुढं जाणं सहन होत नाही. भित्रेपणाचा खटला भरला. वीसेक मिनिटांत संपला. त्याची बाजू मांडायला कुणी नव्हतं. ऑक्टोबर १९१६ मध्ये एका पहाटे त्याच्याच सैन्यानं त्याला गोळ्या घातल्या. वय २५.

घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. गर्ट्रूडला पत्र आलं, त्यात सगळं स्पष्ट लिहिलेलं. तिनं काय करावं? पत्र पोलक्यात खुपसलं, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. पण पेन्शन आणायला पोस्टात गेली तर पैसे बंद झालेले. तिनं दुसऱ्यांच्या घरी काम धरलं आणि लेकीला वाढवलं. लेकीला बाप कसा गेला हे कळलं ते तिची चाळिशी आल्यावर. इतकी वर्षं त्या बाईनं ते एकटीनं पोटात ठेवलं. आम्हाला या सगळ्या इतिहासात ते पत्रच जास्त आठवत राहतं. आपल्यातल्या किती जणींच्या पोलक्यात असलं काही आहे, हे आपलं आपल्यालाच ठाऊक.

आपल्या मुलखातले जवानही त्या युद्धात होते. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात अडकल्या. एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीनं शरण जावं लागलं. फ्रान्समध्ये लढलेले हिंदी जखमी इंग्लंडात ब्रायटनला आणले, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांना शंका आली की हातावरच्या जखमा यांनी स्वतःच करून घेतल्या असतील. कर्नल ब्रूस सेटन यांनी १००० जखमा तपासल्या. शंकेला पुरावा मिळाला नाही. म्हणजे जखम डोळ्यांना दिसत होती तरी विश्वास नव्हता, मग न दिसणारीचं काय घ्या!

१९३० साली ब्रिटननं भित्रेपणासाठी आणि पळून जाण्यासाठीची मृत्युदंडाची शिक्षा काढली. तरी १९४३ मध्ये सिसिलीत पॅटन या अमेरिकन जनरलनं इस्पितळात अशा दोन जवानांच्या थोबाडीत मारली. वरिष्ठांनी त्याला माफी मागायला लावली. हॅरी फारच्या मुलीनं मात्र कोर्टापर्यंत लढा दिला. २००६ साली कायदा झाला आणि तिच्या बापासह ३०६ जवानांना माफी मिळाली. तेव्हा ती ९३ वर्षांची होती. आई १९९३ मध्येच गेली होती.

आता आपल्याकडचं. आपल्या सैन्यात तब्येतीची वर्गवारी असते, तिला 'शेप' म्हणतात. त्यातलं पहिलंच अक्षर, 'एस', मनासाठी आहे. मग कान, हातपाय, शरीर, डोळे. म्हणजे मनाची गणती आहे, तीही पहिली. पण वर्ग खाली आला की कोर्स, बढती, नेमणूक अडू शकते. त्यामुळं ताईंच्या मालकांची भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. गुडघा दुखला की जवान मोकळेपणानं सांगतो, झोप गेली की गप्प बसतो, ते त्यामुळंच.

थोडं बदललंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनाच्या उपचाराला शरीराच्या उपचारासारखाच विमा द्यायचं ठरलं. २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी फोनसेवा आहे, १४४१६. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. सैन्यातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी तिचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात एएफएमसीत सुरू झाला. फोन घरच्या बाईनं केला तरी चालतो.

परवाच्या बैठकीत हे सगळं सांगितलं. त्या ताईंनी काही विचारलं नाही. निघताना पासबुकाच्या मागच्या पानावर नंबर लिहून घेतला. पुढं कशाचा ते मात्र लिहिलं नाही.