माणिक चौक आणि रावलापाणी : आपल्या जिल्ह्यातील हुतात्म्यांना अभिवादन कधी, कुठे, कसे?

विसरवाडी : आपल्याकडे शाळेतल्या पोराला हुतात्म्याचं नाव विचारा, तो लगेच शिरीषकुमार सांगतो. रावलापाणी म्हटलं की मात्र बरेच जण गप्प होतात. दोन्ही जागा आपल्याच जिल्ह्यातल्या आणि दोन्ही गोळीबार सहा महिन्यांच्या आतले. तेव्हा हा भाग पश्चिम खानदेशात होता. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला.

माणिक चौक, नंदुरबार (९ सप्टेंबर १९४२)

'चले जाव'च्या हाकेनंतर ९ ऑगस्टला गांधीजींना अटक झाली. बरोबर एक महिन्याने नंदुरबारात तिरंगा घेऊन मुलांची मिरवणूक निघाली. माणिक चौकात पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हे पाच जण गेले. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा, म्हणजे वय पंधराच. तिथे आज स्मारक आहे. दरवर्षी ९ सप्टेंबरला लोक अभिवादनाला येतात.

रावलापाणी, ता. तळोदा (२ मार्च १९४३)

मोरवडच्या संत गुलाम महाराजांनी सातपुड्यातल्या आदिवासींना दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणून मान द्या, असं सांगितलं. हजारो लोक त्यांच्या मागे गेले. १९३८ साली महाराज गेले, पुढे भाऊ रामदास महाराजांनी काम चालवलं. एवढे आदिवासी एकत्र येतात हे इंग्रज सरकारला खुपलं. २ मार्च १९४३ ला रावलापाणीच्या नाल्यात जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या. १५ जण शहीद झाले, कितीतरी जखमी झाले. खडकांवरच्या गोळ्यांच्या खुणा लोक आजही दाखवतात.

कसं जायचं?

विसरवाडीहून आधी नंदुरबार. माणिक चौक शहरातच आहे. रावलापाणीला जायचं तर पुढे प्रकाशा किंवा हातोडा पुलावरून तापी ओलांडून तळोदा गाठायचं, तिथून डोंगराकडे. मार्चमध्ये ऊन तापतं. सकाळी लवकर निघा, पाणी आणि भाकरी सोबत ठेवा. पुढचा रस्ता तळोद्यात विचारून घ्या.

तिथे गेल्यावर काय पाळायचं?

- मौन सुरू झालं की मोबाईल बंद. फोटो नंतर काढा.
- चपला बाहेर काढा, स्मारकाच्या चौथऱ्यावर बसू नका.
- तिरंगा जमिनीला लागू देऊ नका. कागदी झेंडे पायदळी पडले असतील तर उचलून घ्या.
- खडकावर नाव कोरू नका, रंग लावू नका.
- भाषण संपलं की लगेच निघू नका. गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, त्यांनी आईबापाकडून काय ऐकलं ते विचारा. ते बोलायला तयार असतील तर मोबाईलवर आवाज भरून ठेवा.

हे शेवटचं काम सगळ्यात गरजेचं आहे. १९४३ ला दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या पुढे आहे. स्मारकाचा दगड उद्याही राहील, पण ही माणसं राहणार नाहीत.

ज्यांना जाणं जमत नाही त्यांनी ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता, देशभर हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं मौन पाळतात तेव्हा, शेतात असाल तिथे उभं राहावं. घरातल्या पोरांना त्या दिवशी दोन्ही गावांची नावं सांगावीत.